बर्लिनला बिऱ्हाड मांडताना

सांगलीहून बर्लिनला पाठविलेले एक पार्सल अडीच महिन्यांनी सांगलीलाच परत आले. आत अर्धा किलो हळद, उडदाचे पापड, मेतकूट आणि नातीसाठी विणलेली लोकरीची टोपी होती. पत्ता बिनचूक होता. रस्त्याचे नाव, घराचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड, शहर, देश, सारे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. पोस्टाच्या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की, या पत्त्यावर या नावाचे कोणी नाही. तीन पिढ्या हळदीच्या अडतीत असलेल्या त्या घरातील वडीलधाऱ्यांना मार्केट यार्डात सगळे अण्णा म्हणतात. त्यांना हा शेरा जिव्हारी लागला. ज्यांची चिठ्ठी निजामाबाद आणि इरोडच्या पेठांत पैशासारखी चालते, त्यांच्या मुलाच्या नावाचा माणूसच नाही म्हणजे काय?

चूक पोस्टाची नव्हती. जर्मनीत इमारतीतील सदनिकांना पत्त्यासाठी बहुधा क्रमांक नसतात; टपाल येते ते नावावर. खालच्या दाराशी घंटांची पाटी असते आणि प्रत्येक घंटेपुढे एकेका बिऱ्हाडाचे आडनाव असते. आत पत्रपेट्यांची ओळ, तिच्यावरही तीच आडनावे. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जाते. अण्णांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात तेव्हा एका सुसज्ज घरात काही महिन्यांच्या बोलीवर पोटभाडेकरू म्हणून राहत होती, आणि पेटीवर नाव मूळ भाडेकरूचे होते.

परदेशी राजधानीत किंवा व्यापारी शहरात बिऱ्हाड करणे आपल्या समाजाला नवे नाही. लंडनला आपली माणसे आहेत. अँटवर्पला पालनपूरची हिरे-व्यापारी घराणी गेली, तेव्हा पुढे गेलेल्याने मागून येणाऱ्याला उतरवून घेतले, पेढीवर बसविले, चार ठिकाणी ओळख करून दिली. बर्लिनला जाणारी आपली मुले व्यापारासाठी जात नाहीत. ती संगणक, अर्थतंत्रज्ञान किंवा संशोधन या क्षेत्रांत पगारी नोकरीसाठी जातात, एकेकटी जातात, आणि तेथे त्यांना उतरवून घ्यायला पेढी नसते. घरची पत विमानातून सोबत येत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळते.

जर्मनीतील कायद्याप्रमाणे नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. ही नोंद केवळ परदेशी माणसाला नव्हे, तर प्रत्येक जर्मन नागरिकालाही सक्तीची आहे. तिच्यासाठी पारपत्र लागते आणि घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. या एका कागदावर पुढचे बहुतेक कागद अवलंबून असतात. अकरा आकडी करक्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो. तो हाती नसेल तर पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. निवास परवाना, मुलांच्या शाळेची जागा, वाचनालयाचे सभासदत्व, सगळीकडे प्रथम हाच कागद मागतात.

अण्णांच्या मुलाला घर मिळाले होते, पण मूळ भाडेकरू दाखल्यावर सही करण्यास तयार नव्हता. करार करण्यापूर्वी विचारावयाचा हा पहिला प्रश्न होता आणि तो विचारला गेला नाही. कायमचे घर शोधावे तर त्यासाठी कागद हवेत, आणि कागदांसाठी घर. त्याच सुमारास सांगलीच्या बँकेने नियमाप्रमाणे त्याचे बचत खाते अनिवासी खात्यात बदलले. परदेशी नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीला भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते परकीय चलन कायद्याखाली ‘एनआरओ’ खाते करून घ्यावे लागते. अनेक घरांत हे वर्षानुवर्षे राहून जाते आणि मग व्याज, करकपात व वारसाच्या वेळी त्रास होतो. अण्णांनी ते वेळेवर केले. मात्र नव्या पासबुकावर मुलाच्या नावाखाली ‘अनिवासी’ हा शब्द वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सांगलीत तो अनिवासी झाला होता आणि बर्लिनच्या दफ्तरात अजून निवासी नव्हता. ते चार महिने कागदोपत्री तो कोणत्याच गावचा नव्हता.

अण्णांनी आपल्या परीने मार्ग काढला आणि फोन केला.

“वर्षाचं भाडं एकरकमी देऊन टाक. पैसे मी पाठवतो.”

“अण्णा, इथं तसं चालत नाही. पैसे पुढं केले की उलट शंका येते.”

“रोकड्या पैशाची शंका? मग त्यांना पाहिजे तरी काय?”

“मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, कंपनीचं पत्र आणि शूफा.”

“हे शूफा कोण?”

शूफा ही व्यक्ती नसून पतनोंदणी करणारी संस्था आहे, आणि तिचा जन्म बर्लिनचाच आहे. १९२७ साली ती तेथे स्थापन झाली. मुळात कल्पना अशी होती की, शहराच्या वीज कंपनीचे जे ग्राहक बिल वेळेवर भरतात, त्यांना विजेची उपकरणे हप्त्याने द्यावीत. वेळेवर भरलेले वीजबिल हीच त्यांची जामीनकी. पुढे बँका, दुकाने, दूरध्वनी कंपन्या यांनी आपापल्या ग्राहकांच्या देण्याघेण्याची माहिती तिच्याकडे जमा केली आणि आज घरमालक भाडेकरूकडे प्रथम तिचाच उतारा मागतो. आपल्याकडील सिबिलची स्थापना २००० सालची. कर्ज काढण्यापूर्वी तिच्याकडे पाहावे लागते हे आता सर्वांस ठाऊक आहे. पण भाड्याच्या दोन खोल्या घेताना पतपत्र दाखवावे लागणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

मुलाने हे सांगितले तेव्हा अण्णांना ते समजण्यास वेळ लागला नाही. “म्हणजे साऱ्या गावच्या दुकानांची मिळून एकच उधारवही,” ते म्हणाले.

“होय. आणि आपलं पान कोरं आहे.”

“कोरं पान म्हणजे काही बाकी नाही!”

“इथं कोरं पान म्हणजे ओळख नाही, अण्णा.”

ज्याने उधार कधी घेतलेच नाही त्याची पत किती, हा प्रश्न बँकव्यवहारात जुनाच आहे. त्याचे उत्तर सावकाशीने मिळते. बर्लिनमध्ये पान भरण्याची सुरुवात बँक खात्यापासून होते. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कोणालाही मूलभूत खाते मागण्याचा हक्क जर्मनीत २०१६ पासून आहे. खात्याचा क्रमांक बावीस अक्षर-अंकांचा असतो आणि पगार, भाडे, विमा, वीज, सारे त्याच्यावरून फिरते. खात्यातून परस्पर वसुलीची संमती एकदा दिली की कंपन्या आपले आपण पैसे वळते करून घेतात. मात्र अशी वसुली चुकीची वाटल्यास आठ आठवड्यांच्या आत कारण न देता ती परत फिरविता येते. ग्राहकाच्या हाती एवढे बळ देणारा नियम कोणत्याही बँकेतील माणसास हेवा वाटावा असा आहे. ठेवींना प्रत्येक बँकेत माणशी १ लाख युरोंपर्यंत संरक्षण आहे. आपल्याकडे ही मर्यादा २०२० पासून ५ लाख रुपये आहे. इतके असूनही कोपऱ्यावरचा पाववाला किंवा लहान उपाहारगृह रोख पैसे मागते, आणि मोबाइलवरून भाजीचे दहा रुपये देण्याची सवय असलेला आपला तरुण खिसे चाचपीत उभा राहतो.

घर शोधताना भाड्याचे दोन शब्द समजून घ्यावे लागतात, ‘थंड’ भाडे आणि ‘उबदार’ भाडे. थंड म्हणजे केवळ भिंतींचे. त्यात घर तापविण्याचा, पाण्याचा, जिन्याच्या सफाईचा, कचऱ्याचा खर्च मिळविला की ते उबदार होते. वीज बहुधा त्याहूनही निराळी. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागता येत नाही. म्हणजे थंड भाडे ९०० युरो असेल तर अनामत फार तर २,७०० युरो. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, आणि घरमालकाने ती आपल्या पैशात न मिसळता निराळी, व्याजासह ठेवावयाची असते. पुण्या-मुंबईत पागडी आणि ठेव यांचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हे कलम दोनदा वाचावे. घर पाहण्यापूर्वी, किल्लीच्या आधी, कोणी अनामत मागितली तर मात्र तेथे एक युरोही पाठवू नये. मालक परदेशी असून किल्ली टपालाने पाठवील, अशी गोष्ट सांगणारे भामटे तेथे पुष्कळ आहेत आणि नव्याने आलेली माणसे हेच त्यांचे गिऱ्हाईक.

एकेका घरासाठी जिन्यावरून रस्त्यापर्यंत रांग लागते. बर्लिनमध्ये बहुसंख्य लोक भाड्यानेच राहतात, भाड्यावर कमाल मर्यादा घालणारा शहराचा कायदा २०२१ साली घटना न्यायालयाने रद्द ठरविला, आणि नवी घरे मागणीच्या मानाने फार थोडी बांधली जातात. अण्णांच्या मुलाने तेवीस घरे पाहिली. चोविसावे मिळाले ते शहराच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्यात स्वयंपाकघर नव्हते. खोली होती, पाण्याचा नळ होता, विजेचा जोड होता. ओटा, कपाटे, शेगडी, भांडी धुण्याची कुंडी यांपैकी काही नव्हते. जर्मनीत भाडेकरू जाताना पुष्कळदा स्वयंपाकघर सोडवून नेतो. ताबा घेताना भिंतीवरच्या ओरखड्यांपासून मीटरच्या आकड्यांपर्यंत सर्व काही लिहून दोघांनी सह्या केल्या. हे ऐकून अण्णा प्रथमच समाधानाने म्हणाले, “हे बरं आहे. माल तोलून घेतलेला बरा.”

नोंदणी झाली, पेटीवर नाव लागले, आणि नावावर पहिले पत्र आले ते सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे. दरमहा १८ युरो ३६ सेंट, प्रत्येक घराला, मग घरात दूरदर्शन संच असो वा नसो. नवागताचे स्वागत बिलाने करण्याची ही रीत अनेकांना चमत्कारिक वाटते. त्यामागोमाग करक्रमांक आला, आरोग्य विम्याचे पत्र आले. विमा सक्तीचा असून त्याची वर्गणी नोकरदार आणि मालक जवळजवळ निम्मी-निम्मी भरतात. कमावते नसलेले पती वा पत्नी आणि मुले यांना वेगळा हप्ता पडत नाही. नातीला ‘किटा’ म्हणजे बालवाडी मिळाली. बर्लिनमध्ये २०१८ पासून तिची फी नाही, जेवणासाठी थोडी रक्कम घेतात.

सुनेची परीक्षा स्वयंपाकघरात झाली. बर्लिनचे नळाचे पाणी जमिनीखालचे, शहरातल्याच विहिरींमधून येणारे, पिण्यास निर्धोक, पण जड आहे. तुरीची डाळ त्यात शिजता शिजत नाही आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो. रात्रभर भिजवून, कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवून तिने तो प्रश्न सोडविला. कांदा, बटाटा, गाजर ही तर तेथील खाण्याची बैठकच. पण जमिनीवरच्या भाज्याही विपुल आहेत. श्पांडाऊहून भुयारी रेल्वेच्या सातव्या मार्गाने थेट हेरमानप्लाट्झला उतरले की, कालव्याच्या काठी माइबाखउफर येथे मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की व्यापाऱ्यांचा बाजार भरतो. तेथे भेंडी, वांगी, कोथिंबीर, छोले, रवा मिळतो, शिवाय भाव करता येतो. सुनेला बर्लिनमध्ये ओळखीचे वाटलेले ते पहिले ठिकाण. तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार १९६१ सालचा; पाहुणे कामगार म्हणून आलेल्यांची तिसरी पिढी आता तेथे गल्ल्यावर बसते.

दिवसा जेवण्याचा नियम पाळणाऱ्या घराला बर्लिनचा सूर्य चकवितो. सांगलीत वर्षभरात सूर्यास्त फार तर तास-सव्वा तासाने मागेपुढे होतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात चार वाजण्यापूर्वी सूर्य मावळतो आणि जूनमध्ये तो साडेनऊपर्यंत रेंगाळतो. हिवाळ्यात मुलगा कार्यालयातच साडेतीन वाजता दुसरा डबा उघडतो. सहकाऱ्यांनी दोन दिवस विचारले, तिसऱ्या दिवसापासून त्या वेळेला त्याच्याबरोबर चहा-कॉफीला बसू लागले. दशलक्षण पर्वात मात्र तेथील सूर्यास्त सात ते आठच्या दरम्यान असतो आणि फारशी ओढाताण होत नाही.

हे शहर स्वतःच अनेकदा नव्याने बिऱ्हाड मांडलेले आहे. १६८५ साली फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्यूगेनॉ लोकांना ब्रांडेनबुर्गच्या शासकाने पॉट्सडामच्या आज्ञापत्राने बोलावून घेतले. विणकर, सोनार, घड्याळजी, टोप्या करणारे असे कसबी लोक ते, आणि त्यांनी बर्लिनच्या धंद्याला बाळसे आणले. १९६१ पासून १९८९ पर्यंत भिंतीने शहर दुभंगले होते. एकीकरणानंतर संसद आणि सरकार यांनी बॉनमध्ये राहावे की बर्लिनला जावे यावर संसदेत २० जून १९९१ रोजी मतदान झाले आणि बर्लिनला ३३८ तर बॉनला ३२० मते पडली. संसद आणि सरकारचे बिऱ्हाड प्रत्यक्ष हलले १९९९ मध्ये. जर्मन वक्तशीरपणाची ख्याती ऐकून जाणाऱ्यांनी तेथील नव्या विमानतळाची हकीकतही ऐकावी. २०१२ च्या जूनमध्ये व्हावयाचे उद्घाटन २०२० च्या ऑक्टोबरअखेर झाले.

आपल्या माणसांच्या आधी आपले ग्रंथ तेथे पोहोचले, हे फार थोड्यांना माहीत असते. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील गेओर्ग ब्यूलर हे सरकारसाठी हस्तलिखिते जमवीत असत. १८७० नंतरच्या दशकात त्यांच्यामार्फत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह बर्लिनच्या राजग्रंथालयात गेला. आल्ब्रेख्त वेबर यांनी त्याची सूची केली आणि १८८३ ते १८८५ या काळात जैन आगमांवरील आपला विस्तृत प्रबंध त्याच्या आधारे प्रसिद्ध केला. जैन दर्शनावर १९२५ मध्ये जर्मन भाषेत मोठा ग्रंथ लिहिणारे हेल्मुट फोन ग्लाझेनाप यांचा जन्म बर्लिनचाच. आणि पुण्याच्या इरावती कर्वे यांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरेटचे संशोधन केले ते बर्लिनच्या डाहलेम भागातील मानववंशशास्त्र संस्थेत. परक्या भाषेत, परक्या थंडीत, एकटीने.

वर्ष सरत आले तेव्हा सुनेने जर्मन भाषेची ‘बी-१’ पातळीची परीक्षा देण्याचे ठरविले आणि मुलालाही भरीस घातले. ‘ब्लू कार्ड’वर आलेल्या नोकरदाराला ती पातळी असेल तर २१ महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो, प्राथमिक भाषाच येत असेल तर २७ महिन्यांनी. नागरिकत्वाचा प्रश्न त्यापुढचा. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले असले, तरी भारताचा कायदा ते मान्य करीत नाही. अण्णांनी एकवीस महिने बोटांवर मोजले. त्याच सुमारास सांगलीच्या दुकानाचा भागीदारी करार नवा करावयाचा होता आणि त्यात मुलाचे नाव घालण्याचा विचार होता. वकिलांनी मसुदा पाठविला. अण्णांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि फोनवर त्याविषयी काही विचारले नाही. मुलानेही काही सांगितले नाही.

एका रविवारी सकाळी सून खलबत्त्यात शेंगदाण्याचे कूट करीत असता खालच्या मजल्यावरील वृद्ध बाई वर आल्या. रविवार हा तेथे शांततेचा दिवस. दुकाने बंद, भिंतीला खिळा ठोकणेही वर्ज्य. बाई रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. सुनेने क्षमा मागितली आणि कूट शनिवारी होऊ लागले. पुढे कित्येक आठवडे जिन्यात भेट झाली की दोघींत फक्त ‘गुटेन टाग’ होत असे.

ऑक्टोबरमध्ये अण्णांनी दुसरे पार्सल केले. या वेळी सासूबाईंनी तुपाची बरणी घातली होती, ती पोस्टातच काढावी लागली. भारतातून खासगी पार्सलात दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. भेटवस्तूंची किंमत ४५ युरोंच्या आत असल्याने जकात पडणार नव्हती. अण्णांनी यादी स्वतः लिहिली. हळद, पापड, मेतकूट, टोपी. टोपी एव्हाना नातीला लहान झाली होती, तरी ती घातली. पत्त्याच्या वर मुलाचे आडनाव मोठ्या अक्षरांत, पेटीवर जसे होते तसेच.

पार्सल आले तेव्हा घरी कोणी नव्हते. संध्याकाळी पेटीत एक चिठ्ठी सापडली, पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवले आहे. जर्मनीत टपालवाला असे करतो आणि शेजारी ते घेतात, ही तेथली सर्वसाधारण रीत. चिठ्ठीवर नाव होते खालच्या मजल्यावरच्या बाईंचे. सून नातीला घेऊन गेली. बाईंनी खोके दोन्ही हातांनी उचलून दिले. एका कोपऱ्यातून हळद सांडून त्यांच्या टेबलावर पिवळा डाग पडला होता, तो त्यांनी पुसला नव्हता. त्यांनी खोक्यावरचे आडनाव बोटाने दाखवून एकदा उच्चारून पाहिले. नातीने ते दुरुस्त करून सांगितले. बाईंनी पुन्हा म्हटले. नातीने मान हलविली आणि तिसऱ्यांदा सांगितले.